लेखाशीर्ष : पाळणा

हल्लाकोस्की नगरपालिकेत माझ्या टेबलावर तीन कामं :
तळ्याकाठी होड्या बांधायच्या जागा,
वस्तीरस्त्यांवरचा बर्फ काढायचं अनुदान,
आणि बाळं.

बाळांचा ठराव झाला त्या वर्षी
अख्ख्या गावात एकच पाळणा हललेला.
एक.
हे पोर पुढं शाळेत जाईल तेव्हा
पहिला नंबरही त्याचाच, शेवटचाही त्याचाच,
आणि लपाछपी खेळताना शोधायला बाईच,
असं तायस्तो केम्पाइनेन सभेत म्हणाले.
मग बराच वेळ फक्त कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं.

पैसे कुठून आणायचे?
रस्त्यावरचे दिवे रात्री दहानंतर बंद.
आमच्याकडे डिसेंबरात अंधार तीनलाच पडतो,
तरी हात वर झाले, मोजले मी, तेरा.
वाचलेला उजेड बाळांच्या नावे वळता केला.
नव्या लेखाशीर्षाला नाव हवं होतं,
मी लिहिलं : पाळणा.
कुणी हरकत घेतली नाही.

दर बाळामागे दहा हजार युरो.
दहा हप्ते, वाढदिवसागणिक एक,
अट एवढीच की मूल इथं राहिलं पाहिजे.
बटण मी दाबते.
सख्ख्या बहिणीचा वाढदिवस विसरते मी, पण
एलिएल नऊ मार्च,
जुळ्या तिघीजणी (हो, तिघी, लोक अजून जुळ्याच म्हणतात) जूनच्या अखेरीस,
आणि सुवी, लीप वर्षातली,
तिच्यासाठी संगणकाशी दर वर्षी भांडण.

लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा
एलिएलचे आईबाप औलूला गेले.
सात हप्ते झाले होते.
दुकानात लोक म्हणाले, पैसे घेतले आणि पळाले.
सात वर्षांत सात हजार!
हिवाळी टायर, दोन जोड बूट आणि दातांचा डॉक्टर
यांतून उरलं असेल काही, तर घेऊन पळाले असतील.
मी रकान्यात लिहिलं : स्थलांतर. बंद.
नऊ मार्चला सकाळी
बोट आपोआप त्या कळीपाशी जातं.
तिथं आता काही नसतं.

परदेशातून एक पत्रकार आली होती,
योजना यशस्वी झाली का, म्हणाली.
मी तिला आकडे दाखवले :
एक, चौदा, नऊ, अकरा, तीन.
तिला रेघ हवी होती, वर जाणारी किंवा खाली.
ही तर उचकी आहे, ती म्हणाली.
चौदा कुठून आली विचारलंत तर सांगते,
पुढं कधीतरी येणारच होती ती, जरा घाईनं आली.
तिनं हे लिहून घेतलं नाही.

प्रसूतिगृह एकशेचाळीस किलोमीटरवर.
जवळचं होतं, ते बाळं कमी म्हणून बंद केलं.
विल्याचं लेकरू गाडीतच झालं,
हरणांच्या कुंपणापाशी, पहाटे, उणे बावीसमध्ये,
नवऱ्याच्या शिकारीच्या जाकिटात गुंडाळलेलं.
आम्ही दहा हजार देतो, सुईण देत नाही.
सुईण दुसऱ्याच्या लेखाशीर्षात येते.
विल्या फॉर्म घेऊन आली तेव्हा
मी तिच्याकडं बघू शकले नाही,
खाली वाकून पेन शोधत राहिले.
पेन कानामागं होतं.

माझी काइस्ला ताम्पेरेला असते. चौतीस.
गेल्या शरदात फोनवर बोलता बोलता
मी तिला सांगत सुटले :
दहा हप्ते, शिवाय बालवाडी मोफत,
शिवाय शाळेजवळची घरं निम्म्या भाड्यात.
पलीकडं शांत. मग म्हणाली,
आई, तू मला फॉर्म वाचून दाखवतेयस.

मला वाटलं, आता ठेवेल.
तिनं ठेवला नाही.
तिथं दिवे अजून दहाला बंद होतात का, विचारलं.
होतात, म्हटलं.
मग सभेच्या रात्री तू घरी कशी जातेस?

पाठ आहे रस्ता, म्हटलं,
तारखांसारखा.